भाव विचारणाऱ्याशी यंत्राने कसं बोलावं

मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेजवळचं, नगरपरिषद असलेलं गाव. इथे घराघरांत कन्नड बोललं जातं, कचेरीत मराठी चालते, बाजारात दखनी उर्दूही कानावर पडते आणि एकच माणूस एका वाक्यात या भाषांतून सहज ये-जा करतो. तूर, उडीद, ज्वारी पिकवणाऱ्या या पट्ट्यातला शेतकरी माल घेऊन दुधनीला किंवा अक्कलकोटला जातो, नाहीतर लांबचा पल्ला गाठून सोलापूरच्या बाजार समितीत. गाडी कुठे न्यायची हे ठरवण्याआधी त्याला हवा असतो तो आजचा भाव. तो भाव काही गुपित नाही. राज्य कृषी पणन मंडळाच्या आणि केंद्राच्या ॲगमार्कनेटच्या संकेतस्थळांवर बाजारवार आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने रोज भरले जातात. म्हणजे माहिती आहे, हातात फोन आहे, विचारणारा आहे. अडतं ते मधल्या बोलण्यात. फोनवर मनुष्य आपल्या बोलीत विचारतो, यंत्राला त्यातून नेमका रकाना गाठायचा असतो आणि त्यासाठी दोघांत जे बोलणं व्हावं लागतं ते सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला तंत्रज्ञ डायलॉग मॅनेजर म्हणतात. आपण संवाद-व्यवस्थापक म्हणू. बोलणाऱ्या यंत्रांची चर्चा आपल्याकडे 'त्याला मराठी समजतं का' या प्रश्नापाशीच संपते. मला वाटतं, मैंदर्गीतल्या शेतकऱ्याला अशा यंत्राचा उपयोग होईल की नाही हे ठरतं दुसऱ्याच एका प्रश्नावर: नीट समजलं नाही तेव्हा यंत्र काय करतं?

या यंत्रणेचे भाग आधी पाहू. एक भाग आवाजाचे शब्द करतो, दुसरा शब्दांतून मागणी काढतो, तिसरा तक्त्यातून उत्तर शोधतो, चौथा ते बोलून दाखवतो. संवाद-व्यवस्थापक या सगळ्यांच्या मधे बसतो, अडत दुकानाच्या गादीवर दिवाणजी बसतो तसा: कोण काय म्हणालं ते टिपायचं, राहिलेलं विचारायचं, शंका आली तर खात्री करायची आणि मगच पट्टी लिहायची. त्याच्याजवळ एक कोरा अर्ज असतो असं समजा. कोणता माल, कोणता बाजार, कोणता दिवस, असे त्यात रकाने. बोलणाऱ्याने जे सांगितलं ते भरायचं, रिकामं राहिलं तेवढंच विचारायचं. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७७ मध्ये 'गस' नावाची विमानप्रवासाची चौकशी करणारी प्रणाली याच पायावर बांधली गेली, आणि आजही कामाच्या बहुतेक संवादप्रणाली त्याच पायावर उभ्या आहेत. त्याआधी १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' केली होती. समोरच्याचेच शब्द उलटवून ती प्रश्न विचारायची, तरी लोकांना वाटायचं की आपलं म्हणणं हिला कळतंय. पण तिच्याकडे भरायचा अर्ज नव्हता, तपासायचा तक्ता नव्हता. बोलण्यासारखं वाटणं आणि बोलण्यातून काम पार पडणं या दोन गोष्टींतलं अंतर तेव्हापासून दिसत आलं आहे, आणि आजच्या गोड आवाजांच्या काळात ते विसरायला फार सोपं झालं आहे.

फोनवर भाव सांगणाऱ्या यंत्राचा प्रयोग मराठीत झालेला आहे आणि तो व्हावा तितका ठाऊक नाही. २०१० च्या सुमाराला केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने, मद्रास आयआयटीच्या पुढाकाराने काही संस्था एकत्र आल्या. फोनवर बोलून शेतमालाचे भाव विचारता यावेत, तेही हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू, बंगाली आणि असमिया या सहा भाषांत, असा तो प्रकल्प होता. मराठीचं काम मुंबई आयआयटीत प्रीती राव आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. समुद्रविजय यांच्या गटांनी केलं. महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांकडून पिकांची, बाजारांची, जिल्ह्यांची नावं मोबाइलवर म्हणवून घेतली गेली, कारण वातानुकूलित स्टुडिओत पुस्तकी उच्चारांवर शिकलेलं यंत्र बांधावर आणि बसस्टँडवर टिकत नाही. पण या मंडळींनी तेवढ्यावर न थांबता आणखी एका गोष्टीवर मेहनत घेतली: यंत्राने जे ऐकलं त्याची त्याला स्वतःला कितपत खात्री आहे हे आकड्यात मोजायचं. माझ्या दृष्टीने त्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच. ज्याला आपली शंका मोजता येते त्यालाच कधी विचारावं आणि कधी पुढे जावं हे ठरवता येतं.

ही शंका का महत्त्वाची, ते साधा हिशोब सांगतो. समजा यंत्र प्रत्येक गोष्ट शंभरांतून नव्वद वेळा बरोबर ऐकतं. ऐकायला हे छान वाटतं. पण माल, बाजार आणि दिवस या तिन्ही गोष्टी एकाच फोनमध्ये बरोबर यायच्या, तर शक्यता नव्वद टक्क्यांवरून त्र्याहत्तरवर येते. म्हणजे चार फोनमागे एक फोन कुठेतरी चुकणार. ऐकण्याची अचूकता पंचाण्णववर नेली तरी सातांतला एक चुकतोच. चुकलेला फोन गप्प बसत नाही, तो ठणठणीत आवाजात भलत्याच बाजाराचा भाव सांगतो. त्या भरवशावर कुणी टेम्पो भाड्याने ठरवला तर भाडं त्याच्याच खिशातून जाणार. यावर उपाय म्हणून प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारावी, तर तीन प्रश्नांचे सहा होतात आणि वैतागून माणूस फोन ठेवतो. संवाद-व्यवस्थापकाचं कौशल्य या दोन टोकांच्या मधे आहे. खात्री भरपूर असेल तर विचारू नये. मध्यम असेल तर पुढच्याच प्रश्नात ऐकलेलं गुंफावं: 'दुधनी बाजारात कोणत्या मालाचा भाव हवा?' ऐकण्यात चूक झाली असेल तर समोरचा लगेच 'दुधनी नाही हो, अक्कलकोट' म्हणतो, बरोबर असेल तर वेळ वाया जात नाही. खात्री फारच कमी असेल तेव्हाच सरळ विचारावं. आणि शेवटी भाव सांगताना माल, बाजार आणि तारीख यांचा उच्चार त्याच वाक्यात झालाच पाहिजे. बाजार बंद असेल तर कालचा आकडा आजचा म्हणून खपवता कामा नये.

एक वाक्य जवळून पाहू. मैंदर्गीतून कुणी विचारतं, 'दुधनीला तूर काय चाललीय ओ?' भरभर बोलताना 'ला' आणि 'तूर' जोडले जातात आणि यंत्राला ऐकू येतं 'दुधनी, लातूर'. लातूर ही तुरीची नामांकित बाजारपेठ, त्यामुळे यंत्राच्या लेखी तो शब्द अगदी सरळ आणि शक्यतेतला. ओळखीचं काम इथे संपलं, ते आपल्या परीने नीटच झालं. आता कच्च्या रचनेचं सॉफ्टवेअर काय करील? शेवटी ऐकलेला बाजार खरा मानील आणि नुसतंच विचारील, 'कोणत्या मालाचा भाव हवा?' विचारणारा म्हणेल 'तूर', त्याला लातूरचा दर ऐकवला जाईल, आणि तो दुधनीचाच समजून बसण्याचा संभव मोठा. जाणत्या रचनेत व्यवस्थापक आपल्या अर्जाकडे बघतो. बाजाराच्या एका रकान्यात दोन नावं आली आहेत आणि मालाचा रकाना कोरा आहे. भाव विचारणारा माणूस असं सहसा बोलत नाही. मग तो ओळखणाऱ्या भागाकडे दुसऱ्या क्रमांकाचा अंदाज मागतो, तिथे 'दुधनीला तूर' सापडतं, आणि तो विचारतो, 'दुधनीतला तुरीचा भाव सांगू का?' एका 'हो'मध्ये काम झालं. यामागचं शास्त्र केंब्रिज विद्यापीठात स्टीव्ह यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने मांडलं: यंत्राने एकाच अर्थाला चिकटून न बसता अनेक अर्थ त्यांच्या शक्यतेसकट मनात धरावेत आणि दर वाक्यानंतर ते वजन बदलत जावं. तुरीच्या भावाला ते सगळं गणित लागेलच असं नाही. पण पहिलं ऐकलेलं अंतिम मानायचं नाही, ही शिस्त लागतेच. दुसरी शिस्त तक्त्याची. तुरीत लाल आणि पांढरी अशा जाती बाजारभावात वेगळ्या लागतात. त्या दिवशी त्या बाजारात एकच जात आली असेल तर 'लाल की पांढरी' हा प्रश्न विचारूच नये. तक्ता आधी पाहून मग तोंड उघडणं हेही व्यवस्थापकाचंच काम.

आता यंत्राला काहीच कळलं नाही, ही अवस्था. बहुतेक यंत्रणा इथे एकच वाक्य घोकतात: 'माफ करा, मला समजलं नाही, पुन्हा बोला.' माणूस पुन्हा बोलतो तो मोठ्याने, तोडून तोडून, शब्द ताणून. यंत्र शिकलेलं असतं साध्या बोलण्यावर, त्यामुळे या ताणलेल्या बोलण्यात ते आणखी चुकतं, आणि चुकीतून चूक वाढत जाते. हे अमेरिकेतल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकातच नोंदवलं होतं. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात डॅन बोहस आणि अलेक्झांडर रुडनिकी यांनी न समजल्यावर काय करावं याचे दहा वेगवेगळे मार्ग एका प्रणालीत घालून लोकांवर ताडून पाहिले. उठून दिसला तो मार्ग साधा होता: तोच प्रश्न धरून न बसता दुसऱ्या प्रश्नाकडे वळायचं आणि काम वेगळ्या वाटेने पुढे न्यायचं. आपल्या उदाहरणात बाजाराचं नाव कळत नसेल तर आधी माल विचारा. मग तालुका विचारा. अक्कलकोट तालुका म्हटल्यावर बाजारांची यादी दोन-तीन नावांवर येते आणि तीच वाचून दाखवता येते. त्याच विद्यापीठाची 'लेट्स गो' नावाची बसची माहिती देणारी प्रणाली २००५ पासून पिट्सबर्ग शहरात रात्री आणि सुट्टीच्या दिवशी येणारे खरे फोन घेत होती. प्रयोगशाळेत शहाण्यासारखं वागणारी रचना खऱ्या रस्त्यावरच्या गोंगाटात, घाईत असलेल्या माणसापुढे कशी कोलमडते, हे त्या फोनांनी सगळ्या क्षेत्राला शिकवलं. आपल्याकडे अशी प्रणाली उभी राहते तेव्हा उद्घाटनाला साहेबांनी सावकाश विचारलेला एक प्रश्न बरोबर सुटतो, आणि तिथेच परीक्षा संपली असं धरलं जातं.

थांबण्याचंही गणित आहे. २००९ मध्ये दहा भाषांतल्या खऱ्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न आणि उत्तर यांमधलं अंतर सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास निघालं, भाषेगणिक थोडाफार फरक असला तरी. माणसं समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच आपली पाळी ओळखतात. यंत्र मात्र अनेकदा शांततेवरून ठरवतं की बोलणं संपलं. ही वाट पाहण्याची वेळ अर्धा सेकंद ठेवली, तर 'तुरीचा... आपलं ते... दुधनीचा' म्हणणाऱ्याला ते मधेच तोडतं. दीड सेकंद ठेवली तर दर प्रश्नानंतर फोन कटला की काय अशी शंका येते. शहाणा व्यवस्थापक ही वेळ प्रसंगाप्रमाणे बदलतो: 'हो की नाही' विचारलं असेल तर कमी, मोकळा प्रश्न असेल तर जास्त. आणि यंत्र बोलत असताना माणूस मधे बोलला तर यंत्राने गप्प व्हायचं.

मैंदर्गीमुळे एक प्रश्न टोकदार होतो, तो भाषेचा. आजच्या बहुतेक फोनसेवा सुरुवातीलाच भाषा निवडायला लावतात आणि मग संपूर्ण फोनभर तीच भाषा गृहीत धरतात. पण मराठीत बोलणारा इथला माणूस पिकाचं नाव तोगरी किंवा उळ्ळागड्डी असं घेऊ शकतो, आकडा उर्दूत सांगू शकतो, आणि वाक्य पुन्हा मराठीत संपवतो. त्यात त्याच्या लेखी भाषा बदलण्याचा प्रश्नच नसतो, तो आपल्या गावात बोलतो तसंच बोलत असतो. म्हणून भाषा हा फोनच्या सुरुवातीला एकदा भरायचा रकाना न मानता दर वाक्याला नव्याने पाहायची गोष्ट मानावी लागते, आणि मालाच्या नावांच्या यादीत तिन्ही भाषांतली नावं एकाच मालाखाली यावी लागतात. २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्राची 'भाषिणी' योजना आणि मद्रास आयआयटीतला 'एआयफॉरभारत' गट मराठी-कन्नडसाठी खुली साधनं देऊ लागले आहेत, त्यामुळे कच्चा माल आता हाताशी आहे. पण सीमेवरच्या बोलण्याची ही सरमिसळ कोणत्याही एका भाषेच्या पेटीत मावत नाही. ती हाताळण्याचा निर्णय रचनाकारालाच घ्यावा लागतो, आणि तो न घेणं म्हणजे सीमेवरच्या माणसाला वगळण्याचाच निर्णय.

यावर पहिला आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, 'तुरीसाठी एक दाबा, ज्वारीसाठी दोन दाबा' पुरे आहे. हा आक्षेप पोकळ नाही, त्याला पुरावा आहे. गुजरातमध्ये 'आवाज ओटलो' नावाची शेतकऱ्यांची फोनसेवा घडवताना नील पटेल आणि सहकाऱ्यांनी बोलून वापरणं आणि आकडे दाबून वापरणं यांची तुलना केली, आणि आकडे दाबणाऱ्यांचं काम जास्त वेळा पूर्ण झालं. बोलणारं यंत्र म्हणजे आपोआप सोपं यंत्र, हा समज त्या अभ्यासाने खोडला, आणि तो खोडला गेला हे बरंच झालं. मात्र तिथे निवडायच्या गोष्टी मोजक्या होत्या. महाराष्ट्रात तीनशेहून अधिक बाजार समित्या आहेत आणि माल शेकड्यांनी. एवढ्यांची यादी आकड्यांवर बसवली तर ऐकणाऱ्याची दमछाक होईल. म्हणून गुजरातच्या निष्कर्षातून मी वेगळा धडा घेतो: बोलणं दोनदा फसलं की व्यवस्थापकाने यादी दोन-तीन नावांवर आणून आकडे दाबायला सांगावं. बटण आणि बोलणं यांत वैर नाही, केव्हा कोणतं वापरायचं हे ठरवणारा कुणीतरी हवा, एवढंच.

दुसरा आक्षेप आजचा आहे आणि अधिक जोरकस आहे. मोठी भाषाप्रारूपं (लार्ज लँग्वेज मॉडेल) आली, ती कोणतंही मोडकंतोडकं वाक्य समजून घेतात, मग अर्ज, रकाने, खात्रीचे आकडे ही जुनी सामग्री कशाला? समजून घेण्याच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे, आणि 'दुधनीला तूर'सारखं कोडं ही प्रारूपं अनेकदा झटक्यात सोडवतील. पण त्यांची ताकद संभाव्य वाक्य घडवण्यात आहे, आणि संभाव्य वाटणारा भाव हा खरा भाव असेलच असं नाही. तक्त्यात आकडा नसताना सुबक मराठीत एखादा पटण्याजोगा आकडा सांगून टाकणं त्यांना अवघड नाही. कॅनडात एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. शेतकऱ्याला न्यायाधिकरणापर्यंत जायला ना वेळ असतो ना पुरावा. म्हणून वाटणी अशी असावी: ऐकून अर्थ लावायला आणि बोलीत वाक्य रचायला भाषाप्रारूप वापरा, पण काय कळलं, काय पक्कं झालं, कोणता आकडा कोणत्या तारखेचा, आणि कुठे हार मानायची, हे तपासता येईल अशा उघड्या नियमांत ठेवा. चूक झाली तर ती कोणत्या पायरीवर झाली हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

उरतो तो खर्चाचा आक्षेप, की एका कोपऱ्यातल्या गावासाठी एवढं कोण करणार. सीमेवरची सरमिसळ अक्कलकोट तालुक्यापुरती नाही. जत, उमरगा, देगलूर, चंदगड अशी रांग लागते, आणि विदर्भात हिंदी-गोंडीच्या शेजारी हेच होतं. शिवाय पैसा आता येतोच आहे. राज्य सरकारने जून २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं २०२५ ते २०२९ साठीचं धोरण मंजूर केलं आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठेवली. कृषी विभागाचं 'महाविस्तार' ॲप मराठीतून प्रश्नांना उत्तरं देऊ लागलं आहे. अशा वेळी या यंत्रणा विकत घेणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. निविदेत ओळखीची टक्केवारी मागता, तशी फसलेल्या संवादांची नोंदही मागा. शंभर फोनांपैकी किती फोनांत माणसाला हवा तो आकडा मिळाला, आणि किती जणांनी मधेच फोन ठेवला, ते विचारा. चाचणी पुण्यातल्या कार्यालयात न घेता मैंदर्गीच्या, दुधनीच्या लोकांकडून, त्यांच्याच फोनवर, बाजाराच्या दिवशी घ्या, आणि घराबाहेर फारशा न पडणाऱ्या बायकांना व वयस्कांना त्यात धरा. आणि यंत्र दोनदा चुकलं की फोन जिवंत माणसाकडे जोडण्याची अट घाला. त्यासाठी नवीन काही उभारावं लागणार नाही. जानेवारी २००४ पासून देशात किसान कॉल सेंटर आहे, तिथे सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत माणसं बसलेली असतात आणि ती मराठीतही उत्तर देतात, कन्नडमध्येही.